बकुळा, मी आणि काठी

बऱ्याच दिवसांत इकडे काही लिहिलं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं नात्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे, विचारपूस करणारे फोनही खूप आले. पण खरं सांगायचं तर गुडघ्यापेक्षा जास्त चौकशी झाली ती बकुळाची. "ती आता बाहेर येते का हो?" "काठीचं तिनं कसं काय घेतलं?" प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हटलं. ज्यांना कुत्र्यामांजरांत रस नाही त्यांनी हे खुशाल सोडून द्यावं, मी रागावणार नाही.

ज्यांना बकुळा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. बकुळा ही आमची गावठी कुत्री. रंग सुकलेल्या बकुळीच्या फुलासारखा, म्हणून हे नाव. मीच ठेवलं, कारण नातवाला 'सिंबा'च्या पुढे काही सुचत नव्हतं. २०२४च्या जुलैत ती आमच्याकडे आली. साताऱ्याबाहेर हायवेलगत एका बांधकामावर ती तारेनं बांधलेली होती. काम संपलं, माणसं पांगली, कुत्री तशीच राहिली. आमच्या भागात भटक्या कुत्र्यांचं लसीकरण, औषधपाणी बघणारी एक मुलगी आहे, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची लेक. तिनं हिला सोडवून आणलं, डॉक्टरांकडून नसबंदी करून घेतली, रेबीजची लस टोचून घेतली. दातांवरून डॉक्टरांनी वय दोन-अडीच वर्षं सांगितलं. मागच्या डाव्या पायाचं हाड कधीतरी मोडून वाकडंच जुळून आलेलं. "आजी, फक्त दहा दिवस ठेवाल का? टाके सुकेपर्यंत," असं ती मुलगी म्हणाली आणि मी हो म्हटलं. ते दहा दिवस अजून संपायचे आहेत.

आमच्या मधल्या खोलीत सासूबाईंच्या वेळचा लाकडी दिवाण आहे. आल्या आल्या बकुळा त्याच्याखाली शिरली आणि पुढचे तीन आठवडे तोच तिचा मुक्काम. दिवसा पाणीसुद्धा प्यायची नाही. रात्री दिवे मालवले की फरशीवर नखांची टकटक ऐकू यायची. परसात जाऊन यायची, वाटीतलं खायची आणि परत दिवाणाखाली. परसाला उंच भिंत आहे, त्यामुळे मागचं दार लोटून ठेवायला काळजी नव्हती. सकाळी रिकामी वाटी दिसली की मला हायसं वाटायचं. घरात कुत्रं आहे याचा तेवढाच काय तो पुरावा!

त्या मुलीनं पहिल्याच दिवशी मला नियम सांगितले होते. दिवाणाखालून तिला कधी ओढून काढायचं नाही. वाकून बघायचं नाही. हात पुढे करायचा नाही. डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. दिवाण भिंतीपासून हातभर पुढे घ्यायचा, म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी वाट राहील. जेवण रोज त्याच वेळी, त्याच वाटीत, त्याच जागी. आंघोळ सध्या नाही. मी म्हटलं, "अगं, मग मी करायचं काय?" तर म्हणते, "काही नाही आजी. तुम्ही नुसतं घरात असायचं." चौतीस वर्षं वर्गात एकसारखं काही ना काही करत राहिलेल्या बाईला हे केवढं अवघड!

पण त्यातल्या एकेका नियमाचं कारण हळूहळू उमगत गेलं. भेदरलेल्या जनावराला पळायला जागा असली तर ते पळतं. जागाच नसली तर त्याच्यापाशी दात तेवढे उरतात. आपण लाडानं जरी कोपऱ्यात गाठलं तरी त्याच्या लेखी ते गाठणंच. तसंच गुरगुरण्याचं. मावशी (आमच्याकडे कामाला येतात त्या) पहिल्यांदा म्हणाल्या, "बाई, गुरगुरतीय बघा, एक दटावा की." मी दटावलं नाही. गुरगुरणं म्हणजे "तिथंच थांब" एवढं सांगणं. ते सांगितल्याबद्दल रागावलं तर कुत्रं सांगायचं सोडून देतं, आणि मग एक दिवस न सांगता चावतं. वर्गात शंका विचारणाऱ्याला गप्प बसवलं म्हणून त्याची शंका फिटत नाही, तसंच हे.

आलेगेले लोक मात्र कौतुक करायचे. "किती शांत आहे हो तुमची कुत्री!" ती शांत नव्हती, ती थिजलेली होती. या दोन्हींत फरक आहे आणि तो बघायला शिकावं लागतं. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, खाणं समोर नसताना ओठावरून फिरलेली जीभ, मान एका बाजूला वळवून डोळ्याच्या पांढऱ्या कडेतून बघणं, पोटाखाली गेलेली शेपूट, उचलून धरलेला एक पुढचा पंजा. नॉर्वेच्या टूरिड रुगास या बाईंनी कुत्र्यांच्या अशा खुणांवर पुस्तकच लिहिलं आहे. लेकीनं मला ते आणून दिलं. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण चित्रं भरपूर होती.

शांत आणि थिजलेलं यांतला फरक मला शाळेमुळे थोडाफार माहीत होता. कोरेगाव तालुक्यात असताना पाचवीच्या वर्गात ऊसतोड कामगारांची एक मुलगी आली होती. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दिवाळीनंतर येणाऱ्या आणि उन्हाळ्याच्या तोंडावर निघून जाणाऱ्या मुलांपैकी. दीड महिना तिच्या तोंडून शब्द नाही. हजेरीला नुसता हात वर. सगळे म्हणायचे, गुणी पोरगी आहे, अजिबात त्रास नाही. मी तिला फळा पुसायचं काम दिलं. फळा पुसताना पाठ वर्गाकडे असते, कुणाचे डोळे दिसत नाहीत. महिनाभर तिनं रोज फळा पुसला. मग एकदा डस्टर हातात धरून, पाठ तशीच ठेवून म्हणाली, "बाई, हे अर्धं राहू दे. माझं लिहून व्हायचंय." तिचं ते पहिलं वाक्य. त्या दिवशी मी अर्ध्याच फळ्यावर पुढचा धडा घेतला.

तेव्हा बकुळाकडेही मी पाठ करून बसू लागले. दुपारी चहा झाला की मधल्या खोलीत बुटक्या स्टुलावर, दिवाणाकडे कूस करून बसायचं आणि पेपर मोठ्यानं वाचायचा. अग्रलेखापासून बाजारभावापर्यंत. हळदीचा भाव, सोयाबीनचा भाव, सगळं तिनं ऐकलंय. वाचता वाचता तिच्या दिशेला न बघता एखादा तुकडा टाकायचा. आमच्या घरात तोपर्यंत अंडं आलं नव्हतं. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या देव जाणे! पण भाकरी-दुधापेक्षा उकडलेलं अंडं तिला जास्त भावलं, म्हणून परसात गॅसची छोटी शेगडी मांडून अंड्यांचा वेगळा संसार उभा राहिला.

तुकडा टाकण्याचीही एक युक्ती आहे. आपल्याजवळ यावं म्हणून आपण तुकडा आपल्या पायाशी टाकतो. बिचारं जनावर भुकेपोटी पुढे येतं, तुकडा संपतो आणि एकदम लक्षात येतं, अरे, आपण इतक्या जवळ! मग आणखी घाबरतं. त्यापेक्षा तुकडा तिच्या मागे टाकायचा. ती मागे वळून जाते, खाते, तिला सुटका मिळते आणि मग आपणहून पुन्हा थोडी पुढे येते. किती पुढे यायचं ते तिनं ठरवायचं. सगळ्या गोष्टीत मला काही एक कळलं असेल तर ते हेच, की अंतर किती ठेवायचं हे ठरवण्याचा हक्क जो घाबरलाय त्याच्याकडे असला पाहिजे. एकदा तो हक्क त्याला आहे अशी खात्री पटली, की तो स्वतःच अंतर कमी करू लागतो.

आणि एक गंमत मावशींमुळे कळली. मावशी मूळच्या विजापूरकडच्या. एक दिवस परसात भांडी घासता घासता त्या बहिणीशी फोनवर कन्नडमध्ये बोलत होत्या. दाराआडून बघते तर बकुळा दिवाणाखालून मानेपर्यंत बाहेर! कान ताठ, शेपटीचं टोक हलतंय. बांधकामावर मजूर कर्नाटकातले असणार. मावशींनी मग मुद्दाम "बा, बा" म्हणून हाक मारली. कन्नडमध्ये 'बा' म्हणजे ये. ती चार पावलं पुढे आली आणि थबकली. म्हणजे ज्या जागी तिचा पाय मोडला त्याच जागी कुणीतरी तिला "बा" म्हणून बोलावून आपल्या ताटातलं खायला घालत होतं. ते ऐकून मला फार बरं वाटलं. त्या न पाहिलेल्या बाईनं (ती बाईच असणार असं माझं मन सांगतं) माझं निम्मं काम आधीच करून ठेवलं होतं.

हे निम्मं काम म्हणजे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. १९६१ साली अमेरिकेत तीन शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला होता. कुंपण घातलेल्या मोठ्या आवारात पिल्लं आईबरोबर, पण माणसांपासून दूर वाढवली. वेगवेगळ्या वयात त्यांना आठवडाभर माणसांचा सहवास दिला. ज्या पिल्लांना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही ती पुढे रानटी जनावरासारखी बुजरी राहिली. पिल्लाच्या आयुष्यातले तिसऱ्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंतचे आठवडे असे मोलाचे असतात. बकुळाला त्या वयात कुणी माया लावली असावी. म्हणून तिची भीती वरची होती, तळाशी विश्वास शिल्लक होता. सगळ्याच कुत्र्यांचं तसं नसतं. एखाद्याला दोन वर्षांनीही अंगाला हात लावू द्यावासा वाटत नाही. त्यात त्याचा दोष नाही आणि पाळणाऱ्याचाही नाही.

सप्टेंबरात एका दुपारी पेपर वाचताना माझ्या कोपराला ओलं नाक लागलं. मी वाचत राहिले. हळूच हात खाली सोडला आणि मानेखाली, छातीपाशी दोन बोटांनी खाजवलं. डोक्यावरून हात नेला नाही, कारण वरून येणारा हात म्हणजे तिच्या दृष्टीनं मारच. मनात एक, दोन, तीन मोजून हात काढून घेतला. ती थांबली. मग नाकानं माझा हात ढकलला. पुन्हा तीन अंक. अशी आमची तीन अंकांची शिकवणी सुरू झाली. कोलकात्याच्या 'आयसर' या संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ साली रस्त्यावरच्या कुत्र्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ही कुत्री अनोळखी माणसाच्या हातून खाणं घ्यायला कचरतात, जमिनीवर ठेवलेलं घेतात. पण पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास बसतो तो खाण्यापेक्षा प्रेमानं कुरवाळण्यामुळे जास्त. आपल्याच देशातल्या आपल्याच कुत्र्यांचा हा अभ्यास, म्हणून मला विशेष वाटला.

आता काठीचं. घरात आल्यापासूनच लक्षात आलं होतं की लांब आणि हातात धरायची कुठलीही वस्तू दिसली की बकुळाचं अवसान जातं. खराटा, छत्री, जळमटं काढायचा बांबू, नातवाची बॅट. मावशींनी पहिल्या दिवशी खराटा उचलला तेव्हा तिला जागच्या जागी लघवी झाली आणि ती अंग चोरून जमिनीला चिकटली. ओरडली नाही, भुंकली नाही. तिची ती गप्प शरणागती बघून मावशींच्याच डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून ती परसात असेल तेव्हा मधली खोली झाडायची, असं त्यांनी आपणहून ठरवून टाकलं.

मला त्या रात्री महाभारत आठवलं. शेवटी युधिष्ठिराबरोबर चालणारा कुत्रा सगळ्यांना माहीत असतो. पण आदिपर्वाच्या सुरुवातीलाच एक मार खाल्लेलं कुत्र्याचं पिल्लू आहे ते फारसं कुणी सांगत नाही. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचं सत्र चालू असतं. देवांची कुत्री सरमा, तिचं पिल्लू तिथे जातं आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडे येतं. आई विचारते, तू काही केलं असशील? ते सांगतं, मी हवीकडे पाहिलं नाही, ते चाटलंही नाही. सरमा तडक यज्ञात येऊन जाब विचारते, याचा अपराध काय? कुणापाशीच उत्तर नसतं. तेव्हा ती शाप देते, की तुझ्यावर न दिसणारं भय येईल. किती नेमका शाप आहे! मार विसरला जातो, जखम भरते. मागे राहतं ते न दिसणारं भय. महाभारतात ते मारणाऱ्यांच्या वाट्याला आलं. आमच्या मधल्या खोलीत ते मार खाणारीच्या वाट्याला आलेलं होतं.

दिवाळी कशीबशी काढली. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आकाशवाणी मोठ्यानं लावलेली, आणि मी दिवाणापाशी बसून. "घाबरल्यावर जवळ घेऊ नका, लाडावते आणि जास्त घाबरते," असा सल्ला दोघातिघांनी दिला. तो खरा नाही. भीती ही काही ती आपण बक्षीस द्यावं म्हणून करत नाही. ज्याला जवळ यायचंय त्याला येऊ द्यावं. तिनं माझ्या पावलांवर हनुवटी ठेवली आणि आम्ही दोघी रात्री एकपर्यंत जुनी गाणी ऐकत बसलो.

डिसेंबरात डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली, फेब्रुवारीची. नंतर काही आठवडे वॉकर, मग काठी. "काठी कायमचीच धरा," असंही म्हणाले. लेक पुण्याहून आली होती. परत येताना रिक्षात काही बोलली नाही. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाली, "आई, तुझं वय चौऱ्याहत्तर. तू काठी घेऊन उठणार, ती घाबरून तुझ्या पायात येणार. तू पडलीस तर? कुत्रीसाठी दुसरी जागा बघूया ना." तिचं काही चुकत नव्हतं. या वयातलं पडणं म्हणजे काय हे मी सासूबाईंचं पाहिलंय. पण दुसरी जागा म्हणजे कुठे? त्या मुलीकडे आधीच अकरा कुत्री. आणि सहा महिने लागले तिला दिवाणाखालून माझ्या पावलांपर्यंत यायला. पुन्हा नवीन घर, नवीन दिवाण. मी लेकीला म्हटलं, "दोन महिने आहेत. जानेवारीच्या शेवटी तू स्वतः येऊन बघ. तुला धोका वाटला तर तू म्हणशील तसं." तिनं मान्य केलं. माझ्या मनात मात्र धाकधूक होती, कारण दिलेला शब्द मला पाळावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी मेडिकलच्या दुकानातून ॲल्युमिनियमची, खाली रबराचं बूच असलेली काठी आणली. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे, त्यामुळे अंतर मोजायची आयती सोय. ओसरीच्या टोकाला काठी आडवी ठेवली तर बकुळा अकराव्या फरशीवरून तिच्याकडे बघायची, पण अंडं खायची. दहाव्या फरशीवर खायची नाही. म्हणजे आमची सुरुवात अकरा फरशांपासून. तिनं अंडं नाकारणं हीच माझी मोजपट्टी. खात नाही म्हणजे अंतर कमी पडलं, मागे सरायचं. भूक लागेल तेव्हा खाईल, असं म्हणून रेटायचं नाही.

इथे पावलोव्ह कामाला आला. रशियातल्या या शास्त्रज्ञाला १९०४ सालचं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी, पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्याची कुत्री. अन्न येणार याची खूण पटली की अन्न दिसायच्या आधीच त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. यातली ग्यानबाची मेख म्हणजे क्रम. आधी खूण, मग अन्न. मी काठीवरची चादर काढायचे, एक श्वास जाऊ द्यायचे, आणि मग अंड्याचे तुकडे सुरू. चादर घातली की तुकडे बंद. उलट केलं असतं, म्हणजे आधी अंडं दाखवून मग काठी काढली असती, तर काठी गोड व्हायच्या ऐवजी अंडंच कडू झालं असतं. अंडं दिसलं की आता काठी येणार, असं तिनं मनाशी धरलं असतं. रोज दोन वेळा, तीन-तीन मिनिटं. त्याहून जास्त नाही. मुलांचंही पाढ्यांच्या बाबतीत असंच असतं, थोडं आणि रोज.

दहा फरशा झाल्या, नऊ झाल्या. सातवर आठवडाभर अडलो. एके दिवशी गल्लीत कुणीतरी गुरं हाकताना काठी आपटली आणि आम्ही पुन्हा दहावर! माझा थोडा हिरमोड झाला, पण सातवरून दहावर गेलेली मुलगी पहिल्यापेक्षा लवकर सातवर येते हा शाळेतला अनुभव इथेही खरा ठरला. आडवी काठी जमल्यावर भिंतीला टेकवलेली काठी. मग बसलेल्या माझ्या मांडीवर. मग हातात. मग उभी राहिलेली मी आणि काठी. इथे परत सहा फरशा मागे, कारण उभं माणूस आणि काठी हेच तर तिचं मूळ दुखणं. काठी टेकण्याचा आवाज वेगळा शिकवला, आधी दुसऱ्या खोलीतून. एक गोष्ट मी कटाक्षानं पाळली, काठी जमिनीच्या वर उचलली नाही. शेजारच्यांकडून वॉकर उसना आणून त्याचाही सराव केला. वॉकरला ती अजिबात घाबरली नाही. चार पायांचं काही असलं की तिला आपल्यातलं वाटत असावं!

जानेवारीच्या शेवटी लेक आली. मी ओसरीवरून काठी टेकत मधल्या खोलीत आले. बकुळा उठली, जांभई दिली, बाजूला झाली आणि माझी वाट मोकळी करून दोन फरशांवर बसली. पायात आली नाही, पळालीही नाही. अंड्यासाठी माझ्या खिशाकडे बघत राहिली. लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी महिनाभर रजा टाकते. बघूया."

ऑपरेशन नीट झालं. पाच दिवस मी दवाखान्यात होते. तेवढे दिवस ती मुलगी आणि मावशी घरी होत्या, वाटी तीच, वेळ तीच, जागा तीच. पेपर कोण वाचणार हा प्रश्न होता. मावशींना मराठी वाचायला फारसं येत नाही, म्हणून त्या तिला कन्नडमध्ये घरच्या गोष्टी सांगत बसायच्या. घरी आले तेव्हा माझ्या अंगाला औषधांचा वास होता. बकुळा दिवाणाखाली गेली. मी खुर्चीत बसले, वॉकर समोर. वीस मिनिटांनी ती बाहेर आली, वॉकरचे चारही पाय क्रमानं हुंगले, मग माझी चप्पल. तीन फरशांवर आडवी झाली. मी हळूच "बा" म्हटलं. ती आली नाही. पण शेपटीनं फरशीवर दोनदा टपटप केलं. त्या दिवशी तेवढं मला पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्चीशी होती.

मार्चपासून मी काठीवर आहे. संध्याकाळी परसात आमच्या दोघींच्या फेऱ्या असतात, मी उजव्या हातात काठी धरून आणि ती डाव्या बाजूला, लंगडत. दोघींची चाल आता बरीचशी जुळते. माझी काठी तिला चालते. दुसऱ्या कुणाच्या हातातली अजूनही चालत नाही, आणि खराटा तर नाहीच. भीती गेलेली नाही, तिच्यातून एक काठी वजा झाली आहे.

कुणाला असं बुजरं जनावर घरी आणायचं असेल तर चार गोष्टी सांगते. आधी डॉक्टरांना दाखवा. दुखत असलेलं जनावर घाबरट किंवा चिडकं वाटू शकतं; बकुळाच्या पायाला औषध सुरू झाल्यावर तिचा निम्मा बुजरेपणा सैल झाला. रेबीजच्या लशीत हयगय नको, आणि चावलं किंवा ओरखडलं तर जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुऊन लगेच दवाखाना गाठा. बाहेर नेताना नुसता गळपट्टा पुरत नाही. बिथरलेलं कुत्रं त्यातून मान काढून निसटतं, म्हणून छातीचा पट्टाही हवा. चॉकलेट, कांदा, द्राक्षं, बेदाणे देऊ नका, ते त्यांना विषासारखे आहेत. बाकी काही विशेष नाही. तीन दिवसांत, तीन आठवड्यांत, तीन महिन्यांत रुळतं असा ठोकताळा सांगतात. तो ठोकताळाच आहे, वेळापत्रक नाही.

मी २००८ साली निवृत्त झाले. शाळेत मुलांना मारू नये असा कायदा त्यानंतर, २००९ साली झाला. आमच्या शिक्षकखोलीत कपाटावर छड्या असायच्या आणि त्या वापरणारे सांगायचे, भीती असली की पोरं शिकतात. पोरं खरंच गप्प बसायची. बकुळाही पहिले तीन आठवडे फार गप्प होती. तेव्हा ती काही शिकत असेल तर एवढंच, की कुठली फळी कुठे आहे आणि कुठून निसटता येईल.

परवा वीजमीटर बघायला एक माणूस आला, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर शिडी. बकुळा दिवाणाखाली. तो गेल्यावर मी घड्याळ लावून बसले. पूर्वी असं काही झालं की सबंध रात्र जायची. परवा दहा मिनिटांत बाहेर आली, परसात चक्कर मारून आली आणि पेपरची वेळ झाली म्हणून स्टुलापाशी येऊन बसली. असो. तुमच्याकडेही असं कुणी दिवाणाखालचं असेल तर जरूर कळवा.